जुनी, मॅन्युअल गिअरची लहान क्रॉसओव्हर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेली गाडी घेऊ पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, शेवटचे अपवादात्मक परिस्थितीतले. कोणतेही उत्तर सुटे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लहान क्रॉसओव्हर म्हणजे नेमकी कोणती गाडी? ती एसयूव्हीच नव्हे का?

दिसायला एसयूव्ही, पण बांधणीने ती मोटारकारच असते. जुन्या वळणाच्या एसयूव्हीमध्ये स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेली असते, तर क्रॉसओव्हरमध्ये चासी आणि बॉडी यांचा एकच सांगाडा असतो. १९९४ साली बाजारात आलेल्या टोयोटाच्या आरएव्ही४ने हा प्रकार रुळवला. पुढे निसान ज्यूक, डस्टर, फोर्ड इकोस्पोर्ट, माझदा सीएक्स-३ अशा लहान गाड्या आल्या. यांतील बहुतेकींचे इंजिन आडवे बसवलेले असते आणि ओढ पुढच्या चाकांना असते.

खरेदीदाराने यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गाड्या बहुधा एखाद्या हॅचबॅकच्याच पायावर उभ्या असतात. इकोस्पोर्टला फिएस्टाचा आधार आहे, सीएक्स-३ला माझदा २चा. इंजिन आणि गिअरबॉक्स पुष्कळदा तेच राहतात, वजन आणि टायरचा आकार मात्र वाढतो. हा जादा भार प्रत्येक वेळी गाडी उचलताना क्लचवर पडतो.

२. जुनी गाडी घेताना मॅन्युअलच घ्यावी, असे का सांगितले जाते?

मॅन्युअल गिअरबॉक्सची रचना साधी असते आणि त्यातील झिजणारे भाग वेगवेगळे बदलता येतात. त्याहून मोठे कारण असे की, त्याची प्रकृती हाताला आणि पायाला कळते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आज सुरळीत चालत असला तरी आत काय शिजते आहे हे ऑइलचा इतिहास आणि स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) यांवाचून सांगता येत नाही. मॅन्युअल गाडी अर्धा तास चालवली, की आधीच्या मालकाने ती कशी चालवली याचा बराचसा अंदाज येतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात हीच माहिती सर्वांत मोलाची असते, मीटरवरच्या किलोमीटरच्या रीडिंगहूनही.

रोजचा प्रवास तुंबलेल्या रहदारीतला असेल आणि गुडघा दुखत असेल, तर मात्र हे सगळे युक्तिवाद बाजूला ठेवून ऑटोमॅटिक घ्यावी.

३. किती वर्षांची आणि किती किलोमीटर चाललेली गाडी घ्यावी?

साधारण चार ते सात वर्षांची गाडी बहुतेकांना परवडते. किमतीतील मोठी घसरण तोवर होऊन गेलेली असते आणि सुटे भागही सहज मिळतात. सामान्य वापरात गाडी वर्षाला १० ते १५ हजार किलोमीटर चालते, तेव्हा त्या हिशेबाने रीडिंगची संगती लावून पाहावी.

पण निव्वळ आकड्यावर निर्णय घेऊ नये. महामार्गावर ९०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीत क्लच फार कमी वेळा दाबला गेलेला असतो, गिअर कमी वेळा बदललेले असतात आणि इंजिन नीट तापून चाललेले असते. उलट शहरात ४०,००० किलोमीटर हाफ क्लचवर रखडलेल्या गाडीचा क्लच संपत आलेला असू शकतो. या दोन गाड्या समोर असतील आणि पहिलीची सर्व्हिस वेळच्या वेळी झाली असेल, तर पहिली निवडावी. रीडिंग खरे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे (प्रश्न १३).

४. पेट्रोल घ्यावी की डिझेल?

रोज लांबचा प्रवास असेल तरच डिझेल. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर-मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी तो अधूनमधून खूप तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी बऱ्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे सलग चालावी लागते. बाजार आणि शाळा एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिझेल गाडीची ऑइलपट्टी काढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर त्या गाडीचा वापर चुकीचा झाला आहे.

शिवाय डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त असल्यामुळे क्लच आणि फ्लायव्हील (क्लच जिला जोडला जातो ती इंजिनाची जड चकती) यांच्यावर ताणही जास्त येतो (प्रश्न ७).

५. गाडी पाहायला केव्हा आणि कसे जावे?

दिवसाउजेडी जावे. गाडी कोरडी असावी, कारण ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. इंजिन थंड असावे, हे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे आणि पोहोचल्यावर सर्वप्रथम बोनेटवर हात ठेवावा. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचे बरेच दोष झाकले जातात. टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी साखळी, सैल झाली असेल तर ती थंड इंजिन सुरू होताना काही क्षण खडखडते. गिअरबॉक्समधली झीजही ऑइल थंड असतानाच ठळक जाणवते.

पहिल्यांदा इंजिन सुरू होताना सोबतच्या माणसाला गाडीमागे उभे करावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरी वाफ थंड हवेत थोडा वेळ दिसणे स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट ज्वलनकक्षात शिरत असल्याची शंका घ्यावी.

६. मी मेकॅनिक नाही. क्लच माझा मला कसा तपासता येईल?

येईल, आणि तपासलाच पाहिजे. त्याला हत्यारे लागत नाहीत.

गाडीत बसण्यापूर्वी दार उघडून क्लच पेडलचे रबर पाहावे. त्याच्या रेघा पुसून कडा गुळगुळीत झाल्या असतील आणि रीडिंग ३०,००० दाखवत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे बोलते आहे. रबर अगदी कोरे असेल तर ते केव्हा आणि का बदलले, हे विचारावे. मग इंजिन बंद ठेवून पेडल दोन-चार वेळा पूर्ण दाबावे. ते वाटेत अडकता कामा नये, मऊ लागता कामा नये आणि आपसूक वर यायला हवे. पेडल खालीच राहिले किंवा दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट झाले, तर हायड्रॉलिक सिलिंडरमधून गळती आहे किंवा नळीत हवा शिरली आहे.

आता सपाट जागी इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकावा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच अगदी हळू सोडावा. गाडी पेडलच्या मधल्या टप्प्यात कुठेतरी उचलली पाहिजे. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच ती हलत असेल, तर क्लच प्लेट झिजली असण्याची शक्यता आहे. मात्र हायड्रॉलिक यंत्रणा झीज आपोआप भरून काढत असल्याने आणि काही प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) स्वतःच जुळवून घेणाऱ्या असल्याने, पेडल योग्य जागी उचलते म्हणून क्लच चांगला, असा निष्कर्ष काढू नये. उचलताना गाडी थरथरली तर प्लेटवर ऑइल आले असेल, फ्लायव्हील तापून डागाळले असेल किंवा इंजिनाचे माउंटिंग गेले असेल.

क्लच घसरतो का, हे ओळखण्याची खात्रीची परीक्षा चालत्या गाडीतच होते. मोकळ्या, शक्यतो हलक्या चढाच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४५–५० किलोमीटर वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवावी. काटा आणि वेग बरोबरीने वाढले पाहिजेत. काटा झपकन वर गेला आणि गाडी तिथेच रेंगाळली, तर क्लच घसरतो आहे. त्यावर मग कोणाचेही स्पष्टीकरण ऐकत बसू नये. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का पाहायचे, ही जुनी परीक्षा अजूनही सांगितली जाते. तिच्याने चांगल्या क्लचलाही चटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेली गाडी अचानक पुढे जाऊ शकते, म्हणून ती करू नये.

राहिले आवाज. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. उलट, आधी ऐकू येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा, आणि तो जास्त खर्चिक.

७. क्लच बदलावा लागणार असेल तर ती गाडी सोडून द्यावी का?

नाही. क्लच हा झिजण्यासाठीच असलेला भाग आहे आणि त्याचा खर्च किमतीतून वळता करता येतो (प्रश्न २०). मात्र खर्चाचा आकडा तोंडी अंदाजावर ठरवू नये. या गाड्यांत क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीच मोठी असते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकदमच बदलावा, आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावे.

खरा फरक फ्लायव्हीलने पडतो. अनेक डिझेल आणि काही टर्बो पेट्रोल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असते. त्याच्या दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगा असून त्या इंजिनाचे हादरे गिळतात. स्प्रिंगा दमल्या, की उभ्या गाडीत खडखड ऐकू येते आणि इंजिन बंद करताना धाडकन आवाज येतो. हे फ्लायव्हील पुष्कळदा क्लचच्या संचाहून महाग असते. गाडीत ते आहे का, हे आधी सर्व्हिस सेंटरकडून खात्री करून घ्यावे आणि मगच बोलणी करावी.

८. गिअरबॉक्स खराब आहे हे कशावरून ओळखावे?

सर्वाधिक राबणारा दुसरा गिअर पाहावा. थंड गाडीत पहिल्यावरून दुसरा आणि पुढे चालताना तिसऱ्यावरून दुसरा, असा गिअर नेहमीच्या गतीने टाकावा. गिअर जुळवून घेणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजल्या असतील, तर लिव्हर जागेवर जाताना खर्र असा आवाज येतो किंवा दाताला दात अडल्याचे तळव्याला जाणवते. विक्रेता चालवत असेल तर त्याच्या हाताकडे लक्ष द्यावे. दुसरा गिअर टाकताना तो नकळत थबकत असेल, तर त्याला ही खोड ठाऊक आहे.

पुढची खूण म्हणजे गिअर सुटणे. प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेग घेऊन ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढावा आणि हात लिव्हरपासून दूर ठेवावा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला, तर गिअरबॉक्स उघडावा लागणार हे गृहीत धरावे. वेगाबरोबर चढत जाणारी आणि ठरावीक गिअरमध्येच ऐकू येणारी शीळ आतल्या बेअरिंगची किंवा दात्यांची असते.

याच्या उलट, लिव्हर सैल असणे, इकडेतिकडे डुलणे किंवा पहिला गिअर शोधावा लागणे याने घाबरून जाऊ नये. पुष्कळदा लिव्हरच्या बुशा किंवा केबल एवढाच तो दोष असतो आणि थोडक्यात निपटतो. अनेक चांगल्या गाड्या एवढ्याच कारणासाठी नाकारल्या जातात, आणि ज्याला हा फरक कळतो त्याचा त्यात फायदा होतो.

गिअर ऑइल कधी बदलले, हेही विचारावे. काही कंपन्या ते गाडीच्या आयुष्यभर पुरते असे सांगतात. पण जुनी गाडी पुढे अनेक वर्षे वापरायची असेल तर ते बदलणेच शहाणपणाचे. ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच हवे. जीएल-४ सांगितलेल्या ठिकाणी कोणतेही जीएल-५ ऑइल ओतले, तर सिंक्रो रिंगांच्या पितळेला ते बाधू शकते.

९. रिव्हर्स टाकताना खर्र होते. हा दोष मानावा का?

लगेच नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग गिअर टाकावा. तरीही खर्र झाले, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता आहे (प्रश्न ६).

१०. टेस्ट ड्राइव्हमध्ये आणखी काय पाहावे?

निदान अर्धा तास स्वतः चालवावी. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा वर. खराब रस्त्यावर खालून टकटक आली तर स्टॅबिलायझर लिंक किंवा बुशा गेल्या आहेत. क्रॉसओव्हर खड्ड्यांतून बेफिकीरपणे हाकली जाते, त्यामुळे हे बरेचदा आढळते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट असा आवाज आल्यास ड्राइव्ह शाफ्टचा सांधा झिजला आहे. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूं अशी घरघर व्हील बेअरिंगची. ताशी ८०–१०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरले तर चाकांचे बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम. ब्रेक मारतानाच थरथरले तर डिस्क. शेवटी चढावर थांबून गाडी पुन्हा उचलावी.

११. टायमिंग बेल्टला एवढे महत्त्व का?

कारण पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ हा पट्टा राखतो, आणि बहुतेक आधुनिक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावेच लागते. बेल्ट किलोमीटरनुसार आणि वर्षांनुसारही बदलायचा असतो; दोहोंपैकी जे आधी येईल ते. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच धरून चालावे. टायमिंग चेन असलेल्या इंजिनाला ठरावीक मुदत नसते, पण ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात चेनही ताणली जाते.

काही लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत बेल्ट इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. फोर्डच्या १.० इकोबूस्टची आणि प्यूजो-सिट्रोएन गाड्यांतील १.२ प्युअरटेकची सुरुवातीची इंजिने या रचनेची आहेत. चुकीचे किंवा फार जुने ऑइल वापरल्यास बेल्ट झडतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल कमी पडू लागते. अशी गाडी घेताना कोणत्या दर्जाचे ऑइल किती वेळाने बदलले, याची बिले मागावीत. बिले नसतील तर अशी गाडी मी घेणार नाही, ती कितीही स्वच्छ दिसो.

१२. तीन सिलिंडरचे लहान टर्बो इंजिन टिकते का?

वेळेवर ऑइल मिळाले तर टिकते. त्याचा खडबडीत आवाज हा दोष नव्हे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचू शकतो, कारण तेथून पेट्रोल वाहत नाही. पिकअप अडखळत असेल तर हे एक संभाव्य कारण लक्षात ठेवावे.

१३. रीडिंग मागे फिरवले आहे का, हे कसे समजेल?

डिजिटल रीडिंगही बदलता येते, त्यामुळे त्याला साक्षीदार हवेत. सर्व्हिसची बिले, विमा नूतनीकरणाचे आणि तपासणीचे कागद, ऑइल बदलल्यावर बोनेटखाली लावलेली चिठ्ठी, या सर्वांवरील आकडे तारखेनुसार लावून पाहावेत. गाडीतली झीजही बोलते. चालकाच्या आसनाची दाराकडची कड दबलेली, स्टिअरिंगचे कातडे चकाकणारे, गिअरच्या मुठीवरचे अंक पुसलेले आणि रीडिंग ३५,०००, हे जुळत नाही. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर संगणकांतही राहते. चांगला स्कॅनर ती वाचतो.

१४. अपघात झालेली गाडी कशी ओळखावी?

किरकोळ खरचटणे प्रत्येक गाडीला होते. प्रश्न सांगाड्याला मार लागला आहे का, एवढाच. बोनेट, फेंडर आणि दारे यांमधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का पाहावे. बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील तर तो भाग कधीतरी काढला गेला आहे. सर्व काचांवरील वर्षाची खूण जुळवावी. रंगाची जाडी मोजणारे उपकरण मिळाल्यास उत्तम: कंपनीतला रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉन असतो, दोनदा रंगवलेला पत्रा त्याहून बराच जास्त दाखवतो आणि लांबी (पुटी) भरलेली जागा तर हजारच्याही पुढे जाते. डिकीतली सतरंजी उचलून स्टेपनीच्या खळग्यातील वेल्डिंग आणि सुरकुत्या पाहाव्यात.

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर दोष लपवण्यासाठी तो निकामी केला असण्याची शक्यता आहे.

१५. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली तर?

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. नेहमी गुंडाळलेला राहणारा तो भाग कोणी धूत नाही; तेथे आडवी मळकट रेघ किंवा वाळलेला गाळ दिसला, तर पाणी किती चढले होते हेही त्याच रेघेवरून कळते. आसनांचे रूळ आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजले आहेत का पाहावे. गाडीत सुवासिक फवारा भरपूर मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा वास घ्यावा. अशी गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये, कारण वायरिंगच्या जोडण्यांत शिरलेली ओल अनेक महिन्यांनी त्रास देऊ लागते.

१६. स्कॅनर लावून घेणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे आणि खर्चाच्या मानाने लाभ मोठा आहे. दोषांचे कोड नाहीत एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. कोड पुसल्यावर गाडीला स्वतःच्या प्रदूषणविषयक चाचण्या पुन्हा पूर्ण कराव्या लागतात, आणि त्या झाल्या आहेत की नाहीत हे स्कॅनरवर रेडीनेस या नावाने दिसते. रोजच्या वापरातल्या गाडीत बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. दोन्हींचे कारण विचारावे.

१७. फोर व्हील ड्राइव्ह असलेली घ्यावी का?

बर्फ, चिखल किंवा कच्चा चढ नेहमीचा नसेल तर नको. यंत्रणा जड आणि खर्चिक असते. मागचे डिफरन्शियल, मागच्या चाकांना ताकद जोडणारे कपलिंग आणि त्यांचे ऑइल हे सर्व वाढते. घ्यायचीच असेल तर चारही टायर एकाच मापाचे, मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. नाहीतर चाकांच्या परिघातील फरकामुळे कपलिंग सतत राबत राहते.

१८. टायरवरून काय समजते?

बाजूवरील चार आकडी संख्या उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. एकाच कडेने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा वाकलेला सस्पेन्शन-भाग दाखवतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील तर क्लचवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.

१९. कोणते कागद पाहावेत?

चासी क्रमांक, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, गाडीवर आणि कागदांवर तंतोतंत जुळला पाहिजे. नोंदणी विक्रेत्याच्याच नावावर आहे का, गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, विम्याचे दावे किती झाले आणि कंपनीने सुधारणेसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ती होती का, हे तपासावे. विशेषतः ताकाता कंपनीच्या एअरबॅगांमुळे अनेक उत्पादकांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या. त्या मालिकेत गाडी असेल तर काम झाल्याचा पुरावा मागावा. दोन्ही किल्ल्या घ्याव्यात.

२०. भाव कसा करावा?

दोषांची यादी आणि प्रत्येकाचा गॅरेजकडून घेतलेला खर्च लेखी मांडावा. टायर, क्लच, बेल्ट, ब्रेक या झिजणाऱ्या भागांचा खर्च मागणे रास्त आहे. सांगाडा वाकणे, गिअर सुटणे आणि पाणी शिरणे या गोष्टी भाव कमी करून भरून निघत नाहीत. तेथे बोलणी थांबवावीत. विक्रेता स्वतंत्र मेकॅनिकला गाडी दाखवू देत नसेल, तर तेवढे कारणही परत फिरण्यास पुरेसे आहे.

२१. गाडी घेतल्यावर लगेच काय करावे?

इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट बदलून घ्यावे. ब्रेक फ्लुइड हवेतील ओल शोषते आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. अनेक गाड्यांत क्लचही त्याच टाकीवर चालतो, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष केले तर दोन्ही बिघडतात. बेल्टचा पुरावा नसेल तर प्रश्न ११ पाहावा.

२२. सहा वर्षांत १२,००० किलोमीटरच चाललेली गाडी मिळते आहे. घ्यावी ना?

सावधपणे. फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीत टायर एका जागी दबतात, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्क गंजतात आणि दमट जागी क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटूनही बसते. रबरी भाग आणि द्रवपदार्थ वयाने म्हातारे होतात, चालण्याने नव्हे. सर्व्हिस किलोमीटरनुसार झाली की वर्षानुसार, हे विचारावे. किलोमीटर भरले नाहीत म्हणून ऑइल चार-चार वर्षे तसेच ठेवलेली गाडी या प्रकारात हमखास भेटते.

२३. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वापरलेली किंवा ट्रेलर ओढलेली गाडी ओळखता येते का?

बहुधा येते. शिकवण्याच्या गाडीत प्रशिक्षकाच्या बाजूला जादा पेडल बसवलेली असतात. ती काढली तरी पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा एका ठिकाणी कापलेला, ठिगळ लावलेला किंवा इतर भागापेक्षा नवा असतो, आणि खालच्या पत्र्यात बुजवलेली छिद्रे बोटाला लागतात. अशा गाडीने शेकडो नवशिक्यांचा हाफ क्लच सोसलेला असतो. ट्रेलर ओढलेल्या गाडीत मागच्या बंपरखाली हुक किंवा त्याचे बोल्ट आणि जादा वायरिंग सापडते. हुक आहे म्हणून गाडी वाईट ठरत नाही. काय ओढले आणि किती वेळा, हे विचारून क्लचची परीक्षा अधिक काटेकोरपणे घ्यावी.

इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडीही याच गटात येते. वाढलेला टॉर्क मूळ क्लचच्या आवाक्याबाहेर गेला, तर तो नवा असूनही घसरतो.

२४. गिअर हाताने टाकायचा, पण क्लच पेडलच नाही. अशी गाडी मॅन्युअल धरायची का?

गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. किआ सॉनेट आणि ह्युंदाई व्हेन्यू यांच्या काही आवृत्त्यांत आयएमटी या नावाने ही रचना २०२० मध्ये आली. लिव्हरवरील सेन्सर चालकाचा हेतू ओळखतो आणि क्लच दाबण्या-सोडण्याचे काम यंत्रणा करते. एएमटी ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिच्यात गिअरही यंत्रणाच टाकते.

दोन्हींत झिजणारी क्लच प्लेट आहेच, फक्त ती पायाला जाणवत नाही. त्यामुळे प्रश्न ६ मधील पेडलच्या परीक्षा येथे लागू पडत नाहीत. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन आरपीएमचा काटा पाहण्याची परीक्षा मात्र लागू पडते, आयएमटीमध्ये तर जशीच्या तशी. गाडी उचलताना हिसके बसतात का, पार्किंगच्या वेगात ती अडखळते का, हे पाहावे. क्लच हलवणाऱ्या यंत्रणेचे कोड प्रश्न १६ प्रमाणे वाचून घ्यावेत आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च क्लचच्या खर्चापासून वेगळा विचारावा.